उसनी नोट भलत्याच ठिकाणी: तुमचे अनुभव सांगा

टोपीतून ससा निघाला तर मला फारसं काही वाटत नाही. टोपी जादूगाराची, ससाही त्याचाच. पण नोट माझ्या खिशातली असेल आणि भलतीकडूनच निघाली, तर माझी बोलती बंद होते. ऑफिसच्या एका कार्यक्रमात जादूगाराने माझ्याकडून नोट मागून घेतली, तिचा कोपरा फाडून माझ्या मुठीत दिला, बाकीची रुमालात गुंडाळली. रुमाल झटकला तर नोट नाही. मग समोरच्या रांगेतल्या बाईंकडे सांभाळायला दिलेलं लिंबू घेतलं आणि चिरलं. आत नळीसारखी घट्ट गुंडाळलेली नोट, रसाने ओली. कोपरा लावून बघितला तर फाटलेली कड केसाचाही फरक न पडता जुळली.

तुमच्यासमोर असं काही घडलं असेल तर लिहा. रहस्य माहीत असेल तर कितपत फोडायचं ते तुम्हीच ठरवा.

*

मी बँकेत कॅशला बसते, त्यामुळे मला कौतुक नंतर आणि संशय आधी. मी पाहिलेल्या प्रयोगात कोपरा नव्हता, नोटेचा नंबर लिहून घेतला होता. पण तो वाचला कोणी? जादूगारानेच! कोऱ्या बंडलात नंबर ओळीने असतात, शेजारच्या दोन नोटांत बऱ्याचदा फक्त शेवटच्या आकड्याचा फरक. शेवटी पडताळताना लोकांनी शेवटचे दोन-तीन आकडे बघितले आणि टाळ्या सुरू. मी मात्र नोट हातात घेऊन उजेडात धरली. एका आकड्याची शाई बाकीच्यांपेक्षा जरा काळी होती. मुलं खूश होती, म्हणून गप्प बसले.

आणि धागाकर्ते, कोपरा जुळला हे ठीक, पण तुमच्या मुठीत आला तो कोपरा तुमच्याच नोटेचा होता कशावरून?

*

आमच्या वेळी नोट निघाली ती वडिलांच्याच बुटातून. बूट त्यांच्या पायात होता. आई अजूनही म्हणते की दोघांनी आधी ठरवलं होतं. वडील हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत.

*

नोटांच्या आधी हे रुमालावर व्हायचं. फ्रेंच जादूगार रोबेर-ऊदँ याने 1846 साली राजा लुई-फिलिपपुढे केलेल्या खेळाचं वर्णन आपल्या आठवणींत दिलंय. पाहुण्यांचे रुमाल जमा केले, ते कुठे पाठवायचे यासाठी चिठ्ठ्यांवर तीन जागा सुचवल्या आणि निवड राजावर सोडली. राजाने बागेतलं संत्र्याचं झाड निवडलं. मुळाशी खणलं तर गंजलेली लोखंडी पेटी, तिच्यात रुमाल आणि सोबत अठराव्या शतकातला जादूटोण्यासाठी गाजलेला इटालियन भोंदू कालिओस्त्रो याच्या नावाचं जुनं पत्र. कालिओस्त्रो तेव्हा मरून पन्नास वर्षं झाली होती! मला यात पेटीपेक्षा तो पर्याय देण्याचा भाग जास्त आवडतो. उरलेल्या दोन जागा राजाला नकोशा वाटाव्यात अशाच होत्या.

*

हौशी जादूगार आहे, त्यामुळे थोडं पलीकडच्या बाजूने. लिंबातल्या नोटेचा प्रयोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एमिल जॅरो या जादूगाराने गाजवला आणि तेव्हापासून तो जुना झालेलाच नाही. लोकांना वाटतं हातचलाखीच सगळी. माझा घाम निघतो सुरी चालवताना. लिंबू आरपार कापायचं नाही, सालीवर गोल चीर द्यायची आणि दोन्ही अर्धे उलटसुलट फिरवून वेगळे करायचे, नाहीतर नोटेचेच दोन तुकडे. नोटेचं टोक दिसलं की मी सुरी खाली ठेवतो आणि नोट ज्याची त्यालाच ओढू देतो. तेवढा क्षण मिळावा म्हणून बाकीचा सगळा खटाटोप.

प्लास्टिकच्या नोटांनी मात्र वैताग आणलाय. ऑस्ट्रेलियाने पहिली 1988 साली काढली, आता बऱ्याच देशांत आहेत. कोपरा सहज फाटत नाही आणि गुंडाळलेली नोट हात सोडताच उलगडते.

कॅशवाल्या ताई, शाईचं बोलू नका, पोटावर पाय येतो.

*

मी आणि बहिणीने एकच खेळ शेजारी बसून बघितला. ती शपथेवर सांगते की जादूगाराने लिंबाला हातच लावला नव्हता. मला तर त्याने ते दोनदा वर उडवून झेललेलं आठवतं. मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आहे. चेंडू दोनदा वर उडवायचा, तिसऱ्यांदा नुसता हात हलवून नजर वर न्यायची. कून आणि लँड या संशोधकांनी 2006 साली हे तपासलं तेव्हा बहुतेकांना हातातच राहिलेला चेंडू वर जाताना दिसला. त्यामुळे बहिणीशी वाद घालायचं मी सोडलंय.

*

आमची नोट परत मिळालीच नाही. लिंबू चिरलं, आत फक्त बिया. जादूगार हसला, दुसरं चिरलं, त्यातही बिया. मग पडदा पडला.

*

सगळे नंबर आणि कोपऱ्याचं बोलताय. माझ्या नोटेवर मी पेनाने सही केली होती, आणि तीच सही लिंबातून निघाली. त्याचं काय?

*

सही असेल तर दुसरी नोट चालत नाही, खरंच तुमचीच आत गेली. फक्त नोट गायब झाल्यापासून लिंबू दिसेपर्यंत त्याने काय काय केलं ते क्रमाने लिहून काढा. विनोद सांगितला असेल, सुरी शोधली असेल, तेही लिहा.