प्रतिसाद: लायसन्स परत आणून प्रसार भारती सरकारच्या हातून सुटेल?

'सरकारच्या पैशावर चालतं ते सरकारचंच बोलणार, त्यापेक्षा रेडिओ-टीव्हीचं लायसन्स परत आणा', हा प्रसार भारतीबद्दलचा (म्हणजे आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेबद्दलचा) मुद्दा मला अर्धाच पटतो.

आजोबांचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक अजून आमच्या ट्रंकेत आहे. दरवर्षी पोस्टात जायचं, पैसे भरायचे, आत तिकीट चिकटवून त्यावर शिक्का मारून घ्यायचा. पण तेव्हा लोक पदरचे पैसे भरत होते, तरी आणीबाणीत आकाशवाणी सरकारचीच भाषा बोलली. म्हणजे पैसा कोणाच्या खिशातून येतो एवढ्यानं भागत नाही, जाब कोण विचारतो हे बघायला हवं.

ती सोय १९९० च्या प्रसार भारती कायद्यात आहे. कलम १३ मध्ये २२ खासदारांची समिती, १५ लोकसभेचे, ७ राज्यसभेचे. कलम १४ मध्ये लोकांच्या तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद. कायदा १९९७ मध्ये लागू झाला, पण खासदारांची ती समिती काही बसली नाही. पगार सरकार देतं, नोकरभरतीच्या नियमांनाही मंत्रालयाची मंजुरी लागते, आणि आपण नुसते निवेदकांना नावं ठेवतो!

माझं स्पष्ट मत आहे: पैसा करातूनच येऊ द्या, पण तो पाच वर्षांसाठी एकदम ठरवून संसदेनं थेट द्यावा, आणि हिशेब त्या २२ जणांनी उघड बैठकीत घ्यावा. पहाटे शेतीचा कार्यक्रम ऐकणाऱ्याकडून वेगळं लायसन्स कशाला मागायचं? कर तोही भरतोच.