मदत हवी आहे: समुद्रावर वादळ कधी वाढतं, कधी विरतं?

नमस्कार मंडळी, आमची श्रीवर्धनजवळ नारळ-सुपारीची वाडी आहे, होती म्हणायला पाहिजे खरं तर, 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळात अर्ध्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या आणि नवीन रोपं धरायला अजून वेळ आहे. तेव्हापासून मे महिना आला की मी रोज हवामान खात्याचं बुलेटिन वाचतो.

आता मला अडलंय ते असं. पाणी साधारण साडेसव्वीस डिग्रीच्या वर असलं की वादळाला वाफेतून ताकद मिळते, हे समजलं. पण 2019 च्या ऑक्टोबरात क्यार सुपर सायक्लोन झालं, वारा ताशी 220 किमीच्या वर, आणि तरी पश्चिमेकडे जाता जाता समुद्रातच विरलं. निसर्ग मात्र 1 जूनला साधा डिप्रेशन (चक्रीवादळाच्या आधीची कमकुवत पायरी) होता आणि दोन दिवसात चक्रीवादळ होऊन थेट आमच्या दारात.

मग फक्त पाण्याचं तापमान बघून काय उपयोग? वरच्या आणि खालच्या वाऱ्यात फरक असला की वादळाचा खांब कलतो, अरबस्तानाकडची कोरडी हवा आत घुसते, आणि वादळ एका जागी रेंगाळलं तर तेच खालचं गार पाणी वर ढवळतं, एवढं वाचलंय. यातलं आपल्या किनाऱ्याजवळ मे-जूनमध्ये जास्त महत्त्वाचं कोणतं? इन्कॉइसचे (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) समुद्राच्या उष्णतेचे नकाशे कोणी नियमित बघत असेल तर ते कसे वाचायचे सांगा प्लीज, गरम पाण्याचा थर किती खोल आहे ते त्यात कळतं ना?