मदत हवी आहे: रामेश्वरला आईची बावीस कुंडं आणि मुलीला कलामांचं घर, एका दिवसात कसं बसवायचं?

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही बेळगावहून रामेश्वरला निघतोय. बेंगळूरमार्गे मदुराईपर्यंत रेल्वे, पुढचे १७० किलोमीटर गाडी करून. आई काशीला जाऊन आल्यापासून गंगेचा गडू देव्हाऱ्यात आहे. तो रामेश्वराला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही म्हणते. (वाटेत तहानलेलं गाढव भेटलं तर नाथांसारखं करू, हा माझा विनोद घरात कुणाला आवडला नाही.)

आठवीतल्या मुलीला मात्र अब्दुल कलामांचं घर बघायचंय. शाळेत त्यांच्यावर भाषण केल्यापासून डोक्यात तेच. आईचं म्हणणं, देवाला निघालोय, मध्येच म्युझियम कशाला?

नेटवर एकाच नावाखाली कुठं गल्लीतलं घर दिसतं, कुठं मोठा घुमट. नेमकं कुठं जायचं? आईचे गुडघे दुखतात, जिने चढवतील का? आणि कुंडं आधी की नंतर?

निपाणीकर
घुमट दिसतो ते स्मारक, पेईकरुंबूला. ३० जुलै २०१५ ला कलामांचा दफनविधी तिथं झाला. डीआरडीओनं (संरक्षण संशोधन संस्थेनं) बांधलेलं स्मारक २०१७ ला खुलं झालं. पांबनच्या पुलाकडून गावात येताना रस्त्यावरच लागतं, म्हणून पोचायच्या दिवशीच उरकून घ्या. क्षेपणास्त्रांच्या प्रतिकृती आहेत, वीणा वाजवणारे कलाम आहेत, धाकटी पोरं असतील तर तीही रमतात. १५ ऑक्टोबर मात्र टाळा, जयंतीची गर्दी असते.

घर गावात, मशीद गल्लीत, देवळापासून जवळ. जिना अरुंद आहे. आईंना खाली बसवा, मुलीला वर न्या. पुरस्कार आणि फोटो मांडलेत. खरं सांगायचं तर बघायला फार नाही, त्याच इमारतीत शंखशिंपल्यांचं दुकानही आहे. पण दुसऱ्या महायुद्धात रामेश्वरला रेल्वेगाडी थांबायची बंद झाली, तेव्हा चालत्या गाडीतून टाकलेले पेपरचे गठ्ठे गोळा करणारा पोरगा याच गल्लीतला, हे मुलीला तिथं उभं करून सांगा. स्मारकापेक्षा तेच लक्षात राहील.

खानापूरची मावशी
दादा, कुंडं सकाळीच. आधी समुद्रावर अग्नितीर्थाला बुडी, मग आत बावीस कुंडांचं पाणी बादलीनं अंगावर ओततात. फरशी निसरडी असते, आईंचा हात सोडू नका. ओल्या कपड्यांनी गाभाऱ्याकडं सोडत नाहीत, कोरडं लुगडं पिशवीत हवंच. स्फटिकलिंगाचं दर्शन पहाटे पाचच्या सुमारास, ते हवं असेल तर कुंडं त्यानंतर. दुपारी देऊळ बंद असतं, त्या वेळेत घर बघा.

आणि आईंना हे सांगा: कलामांच्या वडिलांनी लाकडी होडी बांधली होती. रामेश्वरहून धनुष्कोडीला यात्रेकरूंना घेऊन जायची. देवळाचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मणशास्त्री त्यांचे जिवलग मित्र. मग त्या घराला म्युझियम कशाला म्हणायचं?

टिळकवाडी
थोडं अवांतर. राष्ट्रपतींच्या गावी जायचं तर आपल्याजवळ सावळगी आहे की, जमखंडी तालुक्यात. बी. डी. जत्ती तिथलेच. फक्रुद्दीन अली अहमद १९७७ ला वारले, तेव्हा जुलैपर्यंत हंगामी राष्ट्रपती होते. आपल्याकडच्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

मूळ प्रश्नकर्ता
मावशी, होडीचं ऐकून आईनं विचारलं, "ती होडी अजून आहे काय?" वादळात गेली म्हटल्यावर हळहळली. आता घराला येते म्हणते, जिनाही चढणार म्हणते, ते तिथं बघू. धनुष्कोडीलाही जायचं ठरलं, काशीला न्यायची वाळू तिथनंच घेणार म्हणे. १९६४ च्या वादळात पडलेलं चर्च मुलीला दाखवीन.

एकच राहिलं. पांबनच्या रस्त्याच्या पुलावरून रेल्वेचा नवा पूल दिसतो, तिथं गाडी थोडा वेळ उभी करू देतात का? एप्रिल २०२५ ला सुरू झालेल्या नव्या पुलाचा मधला भाग वर उचलतात, धाकट्याला तेवढंच बघायचंय.