रोजच्या गाडीत अनोळखी माणसांकडे पाहणे : याला नेमका शब्द कोणता?

प्रश्न : अमळनेर ते जळगाव माझं रोजचं अपडाऊन आहे. समोर कुणी मांडीवर जेवणाचा डबा धरून पेंगतो, कुणी आजी पदराच्या गाठीतली चिल्लर पुन्हा पुन्हा मोजते, एखादा नातू आजोबांना मोबाईल शिकवतो. बोलणं होत नाही, ओळख काढावीशीही वाटत नाही. पण जळगाव येईपर्यंत घरून निघताना डोक्यात असलेली कटकट तिच्या खऱ्या मापाची होते. या पाहण्याला मराठीत काय म्हणावं? 'निरीक्षण' मला पटत नाही. त्यातून काहीतरी निष्कर्ष काढायचा असतो.

उत्तर : ताई, पहिल्यांदा 'तटस्थ' सुचतो. तट म्हणजे काठ, तिथे उभा तो तटस्थ. पण तुम्ही काठावर कुठे आहात? धरणगावला गर्दी चढली की धक्का तुम्हालाही बसतो, गाडी थांबली की उशीर तुम्हालाही होतो. मला वाटतं, मन निवतं ते याचमुळे. ज्यांच्याकडे पाहता ती माणसं त्याच डब्यात, त्याच दिशेने चाललेली असतात.

'उदासीन' मूळचा सुंदर शब्द आहे. उद् + आसीन, म्हणजे अलग बसलेला, कोणत्याच बाजूला न ओढला जाणारा. गीतेच्या चौदाव्या अध्यायात गुणातीत, म्हणजे तिन्ही गुणांपलीकडे गेलेल्या माणसासाठी 'उदासीनवदासीनो' असं म्हटलंय. पण आज 'ती खिडकीशी उदासीन बसली होती' असं लिहिलं, तर वाचणारा विचारेल, घरी काही झालं का?

'साक्षी', म्हणजे कशात न गुंतता नुसतं पाहणारा, अर्थाने जवळचा आहे. तुमच्याच गावी गिरणीमालक प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञान मंदिर ही अभ्याससंस्था काढली. तिथल्या वेदान्ताच्या अभ्यासात हा शब्द नेहमीचा. पण डब्यातल्या बोलण्यात तो फार जड होतो, आणि कोर्टातला साक्षीदार लगेच शेजारी येऊन बसतो.

माझं मत 'न्याहाळणे'ला. संस्कृत 'निभालन', प्राकृतातून घासून आलेला. गुजरातीत 'निहाळवुं', हिंदीत 'निहारना'. आई बाळाला न्याहाळते, शेतकरी बांधावरून कपाशी न्याहाळतो. त्यात सावकाशी आहे, माया आहे, आणि समोरच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही.

दुसरं मत : भाऊ, बाळ आणि कपाशीपर्यंत ठीक. पण 'तो मला न्याहाळत होता' हे वाक्य डब्यातली कोणतीही बाई तक्रार म्हणूनच म्हणेल. मोठ्या माणसाला, तेही अनोळखी, न्याहाळलं की ते त्याच्या अंगावर येतं. ताई सांगतात ती नजर कुणावर खिळत नाही, आजीवरून नातवाकडे जाते आणि पुढे सरकते.

मग आपला 'देखणे' का नको? आपल्या खानदेशच्या अहिराणी बोलीत पाहायला 'देख' हाच धातू आहे. ज्ञानेश्वरीतही 'देखणे' जागोजाग भेटतं. प्रमाण मराठीने मात्र तो देखणा, देखावा, देखरेख, डोळ्यांदेखत एवढ्यातच ठेवला. टक लावण्यातली हाव त्यात नाही, टेहळण्यातला संशय नाही. दिसलं ते पत्करलं, इतकंच.

प्रश्नकर्ती : न्याहाळण्याची हरकत अगदी खरी आहे, मी तो शब्द सोडते. 'देखणे' घरी बोलताना चालेल. माझ्या आजीच्या तोंडी तोच होता. पण खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी लिहिताना तो मुद्दाम वापरल्यासारखा वाटेल. तिथे 'पाहत बसणे' की 'पाहत राहणे'?

उत्तर : 'राहणे'. 'बघत बसला' म्हटलं की कामं टाकून बसल्याचा ठपका येतो, मग माणूस खरोखर सीटवर बसलेला का असेना. 'पाहत राहिले' म्हटलं की पाहणं आपोआप लांबत गेलं असा अर्थ होतो. आणि कर्म माणूस ठेवू नका, 'डबा' ठेवा : 'पाळधीपर्यंत मी डबा पाहत राहिले.' दुसऱ्या मतातली अडचणही त्याने सुटते.