निर्वासित, शरणार्थी की विस्थापित?

धंतोली, नागपूर :
आठवी ते दहावीच्या मुलांसाठी सुदानवर एक भित्तिपत्रक करायला घेतलंय. एप्रिल २०२३ मध्ये तिथलं सैन्य आणि निमलष्करी दल आपसांत भिडलं, आणि २०२४ च्या अखेरीस घर सोडावं लागलेल्या सुदानी माणसांची संख्या १ कोटी ४३ लाखांवर होती. यातली बहुतेक माणसं देशाबाहेर गेलेलीच नाहीत, देशातच या गावातून त्या गावात पळताहेत. आपल्या वर्तमानपत्रांत मात्र एकाच बातमीत वर ‘निर्वासित’, मध्ये ‘शरणार्थी’ आणि खाली ‘स्थलांतरित’. मुलं विचारणारच, की हे तिघं एकच का? जाणकारांनी सांगावं. इथे शब्द ढिला पडला तर त्या माणसाचा हक्कच वाचणाऱ्याला दिसत नाही, असं मला मनापासून वाटतं.

सिव्हिल लाइन्स :
कायद्यापुरतं सांगतो. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात व्याख्या नेमकी आहे. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचं सदस्यत्व किंवा राजकीय मत, या कारणांवरून छळ होण्याची साधार भीती आणि त्यामुळे स्वतःच्या देशाबाहेर असणं. सीमा ओलांडलेली असणं हा त्यातला कळीचा भाग. ज्यानं ती ओलांडली नाही तो ‘देशांतर्गत विस्थापित’. त्यांच्यासाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती करारासारखी बंधनकारक नाहीत, कारण तो माणूस आपल्याच सरकारच्या हद्दीत असतो. आणि अनेकदा त्याच सरकारपासून जीव वाचवत असतो. जगभरात जबरदस्तीनं घर सोडावं लागलेली माणसं २०२४ च्या अखेरीस १२ कोटी ३२ लाख होती, त्यांतली ७ कोटी ३५ लाख अशी, देशातल्या देशात. तेव्हा सरसकट ‘निर्वासित’ लिहिलं की निम्म्याहून जास्त माणसं चुकीच्या रकान्यात जातात.

जरीपटका :
वकीलसाहेब, एक भर घालते. आमचे आजोबा-पणजोबा सिंधमधून आले ते सीमा ओलांडूनच. तरी आपल्या कायद्यानं त्यांना विस्थापित म्हटलं. त्यांच्या भरपाईचा १९५४ चा केंद्रीय कायदाच ‘विस्थापित व्यक्तीं’साठी होता. कारण उघड आहे, त्यांना या देशाचं नागरिकत्व मिळालं होतं. बोलीत मात्र ‘निर्वासित’ चिकटला तो चिकटलाच. फाळणीनंतर सिंधींच्या छावण्यांतून वसलेल्या उल्हासनगरात अजून पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ म्हणतात. फाळणीनंतर उत्तरेत कित्येकांनी ‘शरणार्थी’ नाकारून स्वतःला ‘पुरुषार्थी’ म्हणवून घेतलं. आम्ही कोणापुढे हात पसरायला आलो नाही, कष्ट करायला आलो, एवढंच त्यांना सांगायचं होतं. आमच्या घरातली वडीलधारी मंडळीही ‘निर्वासित’ म्हटलं की आजही गप्प होतात. तुमच्या भित्तिपत्रकात एक ओळ याचीही घ्या, की नाव ठेवण्याआधी ज्याचं नाव ठेवतो त्याला विचारावं.

मानेवाडा (मूळ पवनी तालुका) :
आमच्याकडे यातला एकही शब्द कोणी बोलत नाही भाऊ. गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं तेव्हा आमचे लोक म्हणत, “गाव बुडीतात गेलं.” विस्थापित हा तहसीलमधला शब्द. आणि कागदावर तर तोही नाही, तिथे ‘प्रकल्पग्रस्त’. त्या शब्दाचा दाखला मिळाला की सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण. म्हणजे घराघरात ट्रंकेच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत, सातबाऱ्याच्या जोडीला जपून ठेवलेला असतो तो शब्द. वाटणीच्या वेळी भावाभावात भांडणं होतात ती ‘दाखला कोणाच्या नावानं’ यावरून. सुदानच्या माणसाला असा कोणता कागद मिळतो, तेही मुलांना सांगा. शब्दाच्या मागं कागद नसला तर तो शब्द काय कामाचा?

धंतोली :
पवनीच्या भाऊंचा प्रश्न फार नेमका आहे. निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्रांच्या उच्चायुक्तालयाचं मुख्य काम ‘संरक्षण’ असं मराठीत लिहितात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे बंदूकवाला शिपाई येतो. प्रत्यक्षात त्यातलं बरंच काम नोंदीचं असतं. आलेल्या माणसाचं नाव लिहून घेणं, त्याला ओळखीचा कागद देणं, गर्दीत सुटलेलं मूल कोणाचं ते शोधणं, छावणीत जन्मलेल्या बाळाचा जन्मदाखला होईल हे बघणं. जन्मदाखला नाही तर ते मूल उद्या कोणत्याच देशाचं न ठरण्याची भीती. बायकांचे संडास वेगळे, त्यांना आतून कडी आणि रस्त्यावर दिवा, हेसुद्धा संरक्षणातच मोडतं. मदतकार्याचे किमान निकषही ठरलेले आहेत : माणशी रोज १५ लिटर पाणी, डोक्यावर छप्पर असलेली साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक संडास. साडेतीन चौरस मीटर म्हणजे एक खाट आणि बाजूला उभं राहता येईल एवढं. मी ‘संरक्षण’ ठेवून कंसाशिवाय पुढच्याच वाक्यात हे सगळं उलगडणार आहे.

आता ‘शरण’. मराठीत ‘शरण जाणे’ म्हणजे हार पत्करणे, गडचिरोलीच्या बातम्यांत नक्षलवादी ‘शरण येतात’. त्यामुळे ‘शरणार्थी’ हिंदीतून आलेला आणि दीनवाणा वाटतो, अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. पण आपण नागपूरकर आहोत. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लाखोंनी ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हटलं, ते काय हार मानून? तिथलं सरण म्हणजे आधार, आसरा. संस्कृतातही शरण म्हणजे आश्रयाची जागा, रक्षण करणारा. हा अर्थ आपल्या शहराच्या कानाला ओळखीचा आहे. म्हणून मला ‘शरणार्थी’ टाकून द्यावासा वाटत नाही. जो अजून दारात उभा आहे, ज्याचा आश्रयाचा अर्ज मंजूर व्हायचाय, त्याच्यासाठी तो चपखल बसतो.

‘निर्वासित’ मात्र वेगळं काही सांगतो. हे कर्मणी रूप आहे, निर्वासन म्हणजे घालवून देणं. कोणीतरी घालवलं, हे त्यात आलंच. ‘स्थलांतरित’मध्ये घालवणारा नाहीसा होतो. मिरची तोडायला तेलंगणात जाणारे किंवा वीटभट्टीवर जाणारे स्थलांतरित, त्यांना तो शब्द ठीक. बॉम्ब पडला म्हणून पळालेल्या बाईला तो लावू नये.

प्रतापनगर :
मग घुसखोर कोणाला म्हणायचं? कागद न दाखवता सीमेवरून आला तो घुसखोरच ना?

सिव्हिल लाइन्स :
जीव वाचवायला पळणारा माणूस पासपोर्ट कार्यालयाच्या रांगेत उभा राहत नाही, हे करार करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. म्हणून कलम ३१ मध्ये, जिवाला धोका असलेल्या ठिकाणाहून थेट आलेल्या आणि लगेच अधिकाऱ्यांसमोर हजर झालेल्या निर्वासिताला केवळ बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा करू नये, असं आहे. भारतानं ना या करारावर सही केली, ना १९६७ च्या पुरवणी करारावर. पण १९९६ मध्ये पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलमध्ये राहिलेल्या चकमा लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं जीविताचा हक्क नागरिक नसलेल्यांनाही आहे, असं स्पष्ट सांगितलं. २०२१ मध्ये म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्यांच्या प्रकरणात मात्र परत पाठवणी थांबवायला नकार दिला, फक्त ठरलेली कायदेशीर प्रक्रिया पाळा, म्हटलं. चौकशीआधीच ‘घुसखोर’ लिहिणं म्हणजे निकाल आधी आणि सुनावणी नंतर.

जरीपटका :
रोहिंग्यांवरून आठवलं. २०१७ मध्ये सात लाखांवर माणसं बांगलादेशात आली, पण तिथलं सरकार त्यांना निर्वासित म्हणत नाही. ‘बळजबरीनं विस्थापित झालेले म्यानमारचे नागरिक’ असं लांबलचक नाव आहे. सरकारंसुद्धा शब्द किती जपून निवडतात बघा, कारण ‘निर्वासित’ म्हटलं की जबाबदारी येते.

गोंदिया :
आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. जवळपासचे लोक ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात, पन्नास वर्षं झाली तरी कॅम्पच. थंडीत तुमच्या नागपुरात स्वेटर विकणाऱ्यांना मात्र सगळे ‘तिबेटी’ म्हणतात, निर्वासित कोणी म्हणत नाही. तेवढंच बरं वाटतं. आणि ‘छावणी’ लिहू नका हो, आपल्याकडे छावणी म्हटलं की दुष्काळातली चाऱ्याची. ‘शिबिर’ म्हटलं की रक्तदानाचं. ‘निवारा केंद्र’ लिहा.

धंतोली :
‘निवारा केंद्र’ घेतो. शेवटचा अडला आहे तो या सगळ्या कायद्याचा कणा असलेला नियम : जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे माणसाला परत पाठवायचं नाही, करारातलं कलम ३३. त्याला मराठीत ‘अप्रत्यावर्तन’ असा शब्द एके ठिकाणी वाचला. दहावीचं पोरगं तिथेच वाचणं सोडेल. ‘परतपाठवणी’ लिहावं तर पाठवणीत लग्नाची नवरी दिसते.

मानेवाडा :
‘माघारी न धाडणे’ लिहा ना. आमच्याकडे दारात आलेल्याला माघारी धाडत नाहीत, हे लहान लेकरालाही समजते.

धंतोली :
घेतलं. मथळा ‘माघारी न धाडण्याचा नियम’, त्याखाली कलम ३३ चा मजकूर. कच्चा मसुदा रविवारी इथेच टाकतो, वकीलसाहेबांनी कलमं एकदा तपासून द्यावीत.