मराठी अहवालांची पीडीएफ, वर्ड, एक्सेल रूपांतरं: सर्व्हरवर काय वापरावं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीकडच्या एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर आम्ही तिघं मिळून सांभाळतो. प्रोग्रॅम जावा भाषेत, डेटाबेस पोस्टग्रेसचा आणि अहवाल काढायला जॅस्पररिपोर्ट्स. आजवर सगळे अहवाल इंग्रजीत निघायचे. यंदा संचालक मंडळानं ठरवलं की सभासदाच्या हातात जाणारा प्रत्येक कागद मराठीत हवा: ठेव पावती, कर्जाचा खातेउतारा, थकबाकीची नोटीस. मागणी रास्तच आहे.

स्क्रीनवर नावं अचूक दिसतात, पीडीएफ काढली की मोडतात. 'शिर्के'मधली वेलांटी श च्या आधी न येता श आणि र च्या मध्ये जाऊन बसते, रफार तयारच होत नाही, पाय मोडलेला र तसाच उभा राहतो. गेल्या आठवड्यात एका आजींची ठेव पावती अशीच छापून गेली. दुसऱ्या दिवशी त्या ती परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "हे माझं नाव न्हवं." त्या पावतीवर त्यांची आयुष्यभराची पुंजी आहे. मला फार लागलं ते.

अहवालांची जवळजवळ ४० टेम्प्लेट (साचे) आहेत. शिवाय सचिवांकडे नोटिसांचे जुने मसुदे वर्डमध्ये, श्रीलिपीच्या जुन्या फाँटमध्ये आहेत, आणि लेखापरीक्षकांना सगळं एक्सेलमध्ये हवं असतं. सहा फाँट बदलून पाहिले, फरक पडला नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

ग्लिफवेडा

फाँट बदलणं थांबवा, दुखणं तिथे नाही. युनिकोडमध्ये (संगणकावर अक्षरं साठवायच्या आजच्या पद्धतीत) अक्षरं उच्चाराच्या क्रमानं साठवलेली असतात: श, वेलांटी, र, हलन्त, क, मात्रा. ती डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं लावायची, रफार वर न्यायचा, जोडाक्षर घडवायचं, हे काम शेपिंग इंजिनचं. क्रोम, फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांच्यात हार्फबझ नावाचं इंजिन ते करतं, म्हणून स्क्रीनवर सगळं नीट दिसतं. पीडीएफमध्ये मात्र 'या जागी हा ग्लिफ (अक्षराचा आकार) काढ' एवढंच लिहिलेलं असतं. उघडणारं सॉफ्टवेअर काही जोडत बसत नाही. म्हणजे पीडीएफ लिहिणाऱ्या लायब्ररीनंच (तयार कोडच्या संचानंच) आधी शेपिंग करायला हवं, आणि बऱ्याच लायब्रऱ्या ते करत नाहीत, निदान मुद्दाम सांगितल्याशिवाय तरी.

मी सरळ एचटीएमएल तयार करून हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) क्रोमियम ब्राउझरनं पीडीएफ काढतो. पायथन चालत असेल तर हेच काम करणारं वीझीप्रिंटही चांगलं, त्याच्या पोटात मजकूर मांडणारं पँगो आणि हार्फबझच आहेत. याच कामासाठी डब्ल्यूके-एचटीएमएल-टू-पीडीएफ जुन्या लेखांत सुचवलेलं दिसेल, पण तो प्रकल्प २०२३ पासून बंद आहे. नव्या कामाला घेऊ नका.

आणि कळकळीची विनंती: एचटीएमएलमध्ये भाषा 'एमआर' (म्हणजे मराठी) लिहाच. ते लिहिलं की नोटो सान्स देवनागरीसारखे फाँट ल आणि श ची मराठी वळणं देतात. २००९ च्या शासन निर्णयातले पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श म्हणतात ते हेच. नाही लिहिलं तर हिंदी वळणाची अक्षरं छापली जातात आणि कागद परका वाटतो.

जुना_जावावाला

वरचं कारण बरोबर आहे, पण ४० टेम्प्लेट फेकून द्यायची घाई करू नका. जॅस्परच्या पीडीएफ एक्स्पोर्टरला (पीडीएफ काढणाऱ्या भागाला) 'ग्लिफ रेंडरर ब्लॉक्स' नावाची प्रॉपर्टी (सेटिंग) आहे. तिथे देवनागरी लिहिलं की तो मजकूर जावाच्या स्वतःच्या फाँट इंजिनमधून, शेपिंग होऊन पीडीएफमध्ये जातो. फाँट मात्र फाँट एक्स्टेन्शनमध्ये (जॅस्परला फाँट पुरवणाऱ्या जोडणीत) नोंदवून टेम्प्लेटमध्ये तोच लावा. सर्व्हरवर फाँट टाकलाय म्हणून भागत नाही.

तपासणीसाठी नेहमीची नावं नकोत. शिर्के, कुऱ्हाडे, ज्ञानेश्वर, श्रीरंग, दुर्गाप्रसाद, ऱ्हस्व, हृदय. या एका ओळीवर वेलांटी, रफार, अर्धा र, ज्ञ, श्र, हृ सगळंच तपासून होतं.

लिपिकार

श्रीलिपीच्या फायलींबद्दल लिहितो, वर्षभर हेच काम केलंय. त्या फायलींत मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरांचे कोड आहेत आणि फाँट त्यावर मराठी आकार चढवतो. फाँट काढला की कचरा उरतो. कोणत्या कोडचं कोणतं अक्षर याचा तक्ता प्रत्येक फाँट कुटुंबाचा वेगळा, त्यामुळे 'सगळ्यांना एकच कन्व्हर्टर' असं होत नाही.

डॉक्स (वर्डची फाइल) म्हणजे झिपच आहे, उघडली की आत डॉक्युमेंट नावाची एक्सएमएल फाइल मिळते. त्यात मजकूर तुकड्यातुकड्यांनी असतो आणि प्रत्येक तुकड्याचा फाँट वेगळा असू शकतो. आधी फाँटचं नाव बघा (तुकड्यावर नसेल तर स्टाइलमध्ये असतं) आणि जुन्या फाँटचे तुकडेच बदला. नाहीतर इंग्रजीत लिहिलेले आयएफएससी कोडही 'मराठीत' जातील. तक्ता लावताना लांब कोड आधी, एकेरी नंतर. जुन्या फाँटमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टंकलेली असते, ती पूर्ण जोडाक्षरानंतर न्यावी लागते. रफार उलट, अक्षरानंतर असतो, तो अक्षराच्या आधी आणावा लागतो. तक्त्यात न सापडलेला कोड गुपचूप गाळू नका, यादीत टाका. आणि शेवटी माणसानं वाचायचंच. थकबाकीच्या नोटिशीत आकडा किंवा नाव चुकलं तर ते निस्तरणं सोपं नसतं.

अजून एक. 'कुऱ्हाडे' काही जण ऱ वापरून लिहितात, काही साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) लावून. दिसायला सारखंच, पण शोधताना सापडत नाही. डेटाबेसमध्ये जातानाच एक रूप करा.

माणदेशी

नोटिसांना मी वर्ड टेम्प्लेट ठेवेन. सचिवांना दोन ओळी बदलायच्या झाल्या तर त्या त्यांनाच बदलता आल्या पाहिजेत. डॉक्समध्ये नाव-रक्कम भरायची आणि लिब्रेऑफिस हेडलेस चालवून पीडीएफ करायची. एकाच वेळी दोन रूपांतरं सुरू झाली की ती एकमेकांत अडकतात, म्हणून प्रत्येकाला वेगळा युजर प्रोफाइल फोल्डर द्या. सर्व्हरवर मराठी फाँट नसेल तर नुसते चौकोन येतात.

एक्सेलला सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी मजकूर फाइल) देऊच नका. सुरुवातीला बीओएम (युनिकोडची खूण) नसेल तर नुसत्या डबल क्लिकनं उघडल्यावर मराठीचा बऱ्याचदा चुथडा होतो. तो निदान दिसतो तरी. न दिसणाऱ्या चुका वाईट: गट क्रमांक ५/२ ची तारीख होते, खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं उडतात, आणि १६ अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल संख्येचे १५ अंकच धरतं. अपाची पीओआय या जावा लायब्ररीनं थेट एक्सएलएसएक्स (एक्सेलची आजची फाइल) लिहा आणि हे सगळे रकाने मजकूर म्हणून टाका. एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६ च.

कृष्णाकाठ

मनापासून आभार. जुना_जावावाला यांची प्रॉपर्टी लावली, फाँट एक्स्टेन्शनमध्ये नोटो घातला आणि त्यांनी दिलेल्या नावांची ओळ छापली. सगळी अचूक! आजींची पावती आज सकाळी नव्यानं काढली. नोटिसा वर्डमधूनच करतो, पण एक अडलंय: कोडमधून नाव ठळक केलं तर इंग्रजी ठळक होतं, मराठी नाही. आकारही बदलत नाही.

लिपिकार

वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' धरतं आणि तिच्या खुणा वेगळ्या असतात. ठळकसाठी 'बी' सोबत 'बीसीएस', आकारासाठी 'एसझेड' सोबत 'एसझेडसीएस', आणि फाँटच्या नोंदीत 'सीएस' हाही भाग भरा. आकार अर्ध्या पॉइंटात लिहायचा, म्हणजे १२ हवा असेल तर २४.

कृष्णाकाठ

झालं! नाव ठळक आलं, आकारही बदलला. आता श्रीलिपीचा तक्ता करायला बसतो. न सापडलेल्या कोडांची यादी इथेच टाकेन.