नव्या रेडिएटरआधी श्राउड बघा

हायवेला जीप थंड असते, पण चिखलात फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा सगळ्यात हळू गिअर) टाकून रांगायला लागली की काटा लाल पट्टीकडे जातो, म्हणून नळ्यांच्या चार रांगांचा ॲल्युमिनियम रेडिएटर टाकू का, असं तुम्ही विचारलंय. थांबा जरा. रांगताना समोरून वारा येत नाही, सगळी मदार पंख्यावर. माझ्या जुन्या डिझेल जीपचंही हेच होतं. आधीच्या मालकाने श्राउड, म्हणजे रेडिएटरपासून पंख्याभोवती येणारं आवरण, कधी काढून टाकला देव जाणे! पंखा आपल्या गोलापुरताच वारा ओढायचा, रेडिएटरचे कोपरे नुसते शोभेला. पत्र्याचा श्राउड करून घेतला, पाती निम्मी आत, निम्मी बाहेर राहतील असा. ताम्हिणीच्या चढावर फरक लगेच कळला.

दुसरं म्हणजे धुणं. पाणी इंजिनाच्या बाजूने पुढे मारा, तेही हलक्या हाताने. प्रेशर वॉशर जवळ नेलात तर फिन्स (नळ्यांमधल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) झोपतात. माझ्या रेडिएटरमधून अर्धा तास लाल चिखलच येत होता.

चार रांगांचा जाड कोअर (रेडिएटरचा नळ्यांचा गाभा) वाईट नाही, पण पंखा तोच ठेवलात तर त्यातून वारा कमी जातो. रेडिएटरच्या कॅपचं (झाकणाचं) रबरही बघा. 13 पीएसआय दाब धरणाऱ्या कॅपने उकळबिंदू साधारण 20 अंशांनी वर जातो, रबर गेलं की तो फायदाही गेला. बोअरचं पाणी भरू नका, क्षार बसतात. आणि इलेक्ट्रिक पंखा लावणारच असाल तर ओढ्यात उतरण्याआधी बंद करायला डॅशवर वेगळा स्विच घ्या, नाहीतर पाण्यात पाती वाकून रेडिएटरलाच लागतात.